चालण्याची परीक्षा : कोणाची आणि कशासाठी?



फेडरेशनच्या कामानिमित्त आम्ही काही सहकारी वाराणसीस गेलो होतो. रेल्वेत आणि टपालात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना पहाटे झोप लागत नाही. त्यामुळे पाच वाजता आम्ही बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारात फिरावयास गेलो. तेथे रस्त्याच्या कडेला तीन तरुण भेटले. खताच्या गोणीत वाळू भरून त्यांनी ३५ किलोचे ओझे तयार केले होते. एक जण गोणी खांद्यावर घेऊन झपाझप चालत होता, दुसरा मोबाइलवर वेळ मोजत होता आणि तिसरा गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकीत उभा होता. रेल्वेच्या लेव्हल-१ भरतीची, म्हणजे आपण जिला आजही ‘ग्रुप डी’ म्हणतो तिची, तयारी चालली होती. त्यांतला एक गाझीपूर जिल्ह्यातील ग्रामीण डाक सेवकाचा मुलगा निघाला. म्हणजे आपल्याच घरातला.

आमच्याबरोबर भुसावळकडचे एक ज्येष्ठ साथी होते. तीस वर्षे गँगमध्ये काढलेली, गुडघे कामातून गेलेले. पोरांनी त्यांनाच गाठले. “चाचा, जरा वेळ बघाल का?” चाचांनी घड्याळ हातात घेतले आणि विचारले, “रुळावर एवढं पळायचं असतं असं तुम्हाला कोणी सांगितलं? मला तीस वर्षांत कोणी पळवलं नाही. चालवलं मात्र रोज.”

पोरे हसली. आम्ही मात्र विचारात पडलो. ज्या कामाचा नव्वद टक्के भाग चालण्याचा, वाकण्याचा आणि उचलण्याचा आहे, त्या कामासाठी माणूस लायक आहे की नाही हे कशाने मोजावे? आणि एकदा मोजून आत घेतल्यावर पुढची तीस-पस्तीस वर्षे कोणी काही मोजावयाचेच नाही काय?

प्रथम नियम काय आहे ते पाहू. लेव्हल-१ च्या शारीरिक क्षमता चाचणीत पुरुष उमेदवाराने ३५ किलो वजन खाली न ठेवता २ मिनिटांत १०० मीटर न्यावयाचे आणि १००० मीटर अंतर ४ मिनिटे १५ सेकंदांत धावावयाचे. महिलांसाठी वजन २० किलो आणि धावण्याची वेळ ५ मिनिटे ४० सेकंद आहे. संधी एकच. वजनाची अट आम्ही समजू शकतो. ती कामाशी जुळते. पण ४ मिनिटे १५ सेकंदांत १००० मीटर म्हणजे ताशी १४ किलोमीटरहून अधिक वेग. की-मन हातोडा, पाना, झेंडे आणि फटाके घेऊन खडीवरून स्लीपर मोजत जातो, त्याचा वेग याच्या चौथ्या हिश्श्याइतकाही नसतो. मग मोजतो आहोत ते काय?

दुसरी गोष्ट काळाची. १ लाख ३ हजार ७६९ जागांची लेव्हल-१ भरती २०१९ मध्ये जाहीर झाली आणि एक कोटीहून अधिक अर्ज आले. संगणकावरील परीक्षा झाली २०२२ मध्ये आणि धावण्याची चाचणी त्यानंतर २०२३ च्या आरंभी. बावीस वर्षांचा मुलगा अर्ज करतो आणि सव्विसाव्या वर्षी धावतो. मधली वर्षे तो खोलीत बसून गणिते सोडवतो, ट्यूशन घेतो, कोणाच्या दुकानात माल उतरवतो. मग दहा सेकंद उशीर झाला म्हणून तो ‘अनफिट’. चार वर्षे उशीर करणाऱ्यांना मात्र कोणतीही चाचणी नाही.

आमचे काही मित्र म्हणतात, धावणे काढा आणि चालण्याची चाचणी ठेवा, प्रश्न मिटेल. इतके सोपे ते नाही. चालण्याची चाचणी देशात इतर खात्यांत आहेच. भारतीय वन सेवेसाठी पुरुषांना ४ तासांत २५ किलोमीटर आणि महिलांना १४ किलोमीटर चालावे लागते. वनरक्षकाच्या भरतीत महाराष्ट्रातही पुरुषांना ४ तासांत २५ किलोमीटरची अट राहिली आहे. ऐकावयास सौम्य वाटते. हिशोब करा : ताशी सव्वासहा किलोमीटर, तेही सलग चार तास. २०२४ च्या मे महिन्यात मध्य प्रदेशातील बालाघाट येथे वनरक्षक भरतीच्या अशाच २५ किलोमीटरच्या चाचणीत एक तरुण कोसळला आणि मरण पावला. त्याच वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात झारखंडमध्ये उत्पाद शिपायांच्या भरतीत १० किलोमीटर धावताना दहाहून अधिक उमेदवार दगावले आणि भरती काही दिवस थांबवावी लागली. आपल्या मुंबईत २०१४ च्या जूनमध्ये पोलीस भरतीत ५ किलोमीटर धावताना उमेदवार गेले, ते आपण विसरलेलो नाही. मे-जूनचे ऊन, रात्रीचा रेल्वेप्रवास, फलाटावर काढलेली झोप, पोटात नीट अन्न नाही, आणि नोकरीची एकमेव संधी. अशा वेळी शरीर ‘थांब’ म्हणते तेव्हा माणूस थांबत नाही. चालणे असो की धावणे, जीव घेते ती ही लाचारी.

तेव्हा चालण्याची चाचणी म्हणजे नेमके काय, ती कोठून आली, हे कामगारांनी समजून घेतले पाहिजे. १९६८ मध्ये अमेरिकन हवाई दलातील डॉक्टर केनेथ कूपर यांनी बारा मिनिटांत माणूस किती अंतर धावतो यावरून त्याची ताकद जोखण्याची पद्धत मांडली. ती धडधाकट जवानांसाठी होती. पुढे १९७६ मध्ये ब्रिटनमधील छातीच्या डॉक्टरांनी तीच कल्पना दम्याच्या, जुनाट खोकल्याच्या रुग्णांसाठी वापरली. हे रुग्ण धावू शकत नाहीत, म्हणून बारा मिनिटे चालणे. बारा मिनिटेही जड जातात असे दिसल्यावर १९८० च्या दशकात ती सहा मिनिटांवर आली. २००२ मध्ये अमेरिकेतील छातीरोगतज्ज्ञांच्या संस्थेने तिचे नियम ठरवून दिले : ३० मीटरची सपाट जागा, दोन्ही टोकांना खुणा, धावावयाचे नाही, दम लागला तर थांबावयाची मुभा, आधी नाडी आणि रक्तदाब तपासणे. महिन्याभरात हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्याला ही चाचणी द्यावयाचीच नाही. आज मोठ्या रुग्णालयांच्या व्हरांड्यांत हृदयाच्या आणि फुप्फुसांच्या रुग्णांना अशी सहा मिनिटे चालवतात. त्यांच्यासाठी ती उत्तम आहे. तीनशे मीटर चालणारा रुग्ण औषधोपचारानंतर चारशे मीटर चालू लागला, तर फरक पडला हे कोणालाही समजते.

पण निरोगी तरुणाचे काय? हे आम्ही त्या तिघांबरोबरच करून पाहिले. शास्त्रीय प्रयोग म्हणून नव्हे, सकाळची गंमत म्हणून. रस्त्यावर तीस मीटर मोजले, दोन विटा ठेवल्या आणि चाचांनी घड्याळ धरले. तिघांत एक चांगला उंच होता, पण १००० मीटरला रोज मागे पडणारा. गुटख्याची सवय त्यानेच कबूल केली. दुसरा बुटका, डाक सेवकाचा मुलगा, धावण्यात पहिला. तिसरा मधला. सहा मिनिटे तिघे झपाट्याने चालले. पुढे कोण आला? उंच मुलगा! तिघांत अंतर फार नव्हतेच, वीस-पंचवीस पावलांचे. जो रोज धावण्यात जिंकतो तो चालण्यात शेवटचा आला. बिचारा हिरमुसला.

यात नवल नाही. निरोगी माणूस चालण्याचा वेग वाढवीत नेतो तेव्हा ताशी सातेक किलोमीटरच्या आसपास पाय आपोआप पळू पाहतात. चाचणीत पळावयास बंदी. म्हणजे सगळ्यांच्या डोक्यावर एकच छत. हृदय आणि फुप्फुसे अजून पूर्ण थकलेली नसतात; अडवतो तो पायांचा सांधा आणि टांगेची लांबी. जो उंच त्याची ढांग मोठी, तो पुढे. त्यामुळे सहा मिनिटांचे नुसते अंतर पाहून दोन धडधाकट तरुणांत कोण अधिक तंदुरुस्त हे ठरवणे म्हणजे बोगद्याच्या उंचीवरून इंजिनाची ताकद ठरवण्यासारखे आहे.

आणखी एक सावधगिरी. १९९८ मध्ये अमेरिकेत या चाचणीसाठी एक सूत्र तयार झाले. उंची, वय आणि वजन घातले की किती मीटर चालावयास हवे ते निघते. पण ते तेथील ४० ते ८० वर्षे वयाच्या माणसांवरून काढलेले. ते गाझीपूरच्या किंवा गडचिरोलीच्या वीस-बावीस वर्षांच्या, कमी उंचीच्या मुलाला लावले, तर जन्मजात ठेवण हाच त्याचा दोष ठरेल. कोणतेही माप लावण्यापूर्वी ते कोणाच्या अंगावर बेतले आहे हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे.

मग चालण्याने तरुणाची तंदुरुस्ती मोजताच येत नाही काय? येते, पण अंतराबरोबर नाडी मोजली तर. चाचांच्या सांगण्यावरून चालणे थांबल्याबरोबर तिघांनी मनगटावर बोटे ठेवली. बुटक्याची नाडी सर्वांत संथ होती आणि दोन-तीन मिनिटांत पूर्ववत झाली. उंच मुलाची अजून धडधडत होती. आता खरा क्रम लागला! त्याच वेगाने, तेवढेच अंतर चालून ज्याच्या हृदयाला कमी कष्ट पडतात आणि जे लवकर शांत होते, तो अधिक तंदुरुस्त. हे तत्त्व जुने आहे. १९४३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात पाच मिनिटे पायरी चढ-उतर करवून नंतरची नाडी मोजण्याची पद्धत निघाली, ती तरुण पुरुषांसाठीच. १९८७ मध्ये ‘रॉकपोर्ट’ नावाची चाचणी आली : एक मैल, म्हणजे सुमारे १६०० मीटर, शक्य तितके भरभर चालावयाचे आणि लागलेला वेळ, शेवटची नाडी, वय, वजन यांवरून क्षमता काढावयाची. तिचे सूत्रही ३० ते ६९ वर्षे वयाच्या माणसांवर बेतलेले आहे. विशीतल्यांना लावले तर आकडा फसवा येऊ शकतो. म्हणजे तरुणांना नोकरी द्यावयाची की नाही हे ठरवणारी चाळणी म्हणून चालण्याची चाचणी कच्ची आहे. पण तिशीच्या पुढे, नोकरीत असलेल्या माणसाच्या तब्येतीवर वर्षानुवर्षे नजर ठेवण्यास ती स्वस्त आणि सोपी आहे. एक मोजलेला रस्ता, एक घड्याळ आणि मनगटावर दोन बोटे. यंत्र नको की टेंडर नको.

येथेच खरे दुखणे आहे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! ज्या वयात माणूस धडधाकट असतो त्या वयात त्याला घड्याळावर पळवतात. ज्या वयात खडीने गुडघे झिजतात, पावसाळ्यातील रात्रीच्या गस्तीने छाती भरते, थैलीच्या ओझ्याने खांदा उतरतो, त्या वयात तो किती चालू शकतो हे कोणी विचारीत नाही. आपली नियतकालिक वैद्यकीय तपासणी बऱ्याच अंशी नजरेभोवती फिरते. ए-वन ते सी-टू हे वर्ग मुख्यतः डोळ्यांवर ठरतात. नजर महत्त्वाची आहेच, तिच्यावर गाड्यांची सुरक्षितता अवलंबून आहे. पण रुळावर माणूस डोळ्यांनी पाहतो आणि पायांनी बाजूला होतो. मागून गाडी आली तर हत्यारे उचलून किती चपळाईने तो बाजूला होईल, हा त्याच्या जिवाचा प्रश्न आहे.

टपालातही वेगळे नाही. ग्रामीण डाक सेवकाला सायकल चालवता यावी अशी अट आहे. पण पंचावन्नाव्या वर्षी तो सायकल ओढत चढ कसा चढतो, याची नोंद कोठेच नाही. शहरातल्या पोस्टमनच्या बीटमध्ये इमारती वाढल्या, मजले वाढले, उद्वाहन बंद असले की जिनेच जिने. त्याची दमछाक हजेरीपटावर दिसत नाही. आणि ठेकेदाराच्या हाताखाली रुळावर राबणारा मजूर? त्याचे तर नावही कोणत्या दवाखान्याच्या वहीत नसते.

आता कोणी विचारील : असे मोजमाप सुरू झाले तर तेच आमच्याविरुद्ध वापरले जाणार नाही काय? ही भीती अनाठायी नाही. वयाच्या पन्नाशी-पंचावन्नीनंतर कर्मचाऱ्यांचा आढावा घेऊन मुदतपूर्व निवृत्ती देण्याचा अधिकार सरकारकडे मूलभूत नियम ५६ (जे) आणि तत्सम नियमांनी आहे आणि २०२० मध्ये त्याबाबतच्या सूचना पुन्हा एकत्र करून काढण्यात आल्या. अशा हातात चालण्याचे आकडे गेले तर त्यांची काठी व्हावयास वेळ लागणार नाही. म्हणून प्रत्येक साथीने कायदा ध्यानात ठेवावा. नोकरीत असताना अपंगत्व आले तर त्या कर्मचाऱ्यास काढता येत नाही की त्याची पायरी खाली आणता येत नाही. त्याच वेतनावर दुसरे काम द्यावे लागते आणि तसे काम नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पदावर ठेवावे लागते. हे आधी १९९५ च्या कायद्याच्या कलम ४७ मध्ये होते, आता दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम २० (४) मध्ये आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये कलम ४७ चा अर्थ कामगाराच्या बाजूने लावला आहे. ‘डिकॅटेगराइज’ झालो म्हणजे संपलो, असे समजून निमूटपणे स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सही करणारे साथी आम्ही पाहिले आहेत. सही करण्यापूर्वी शाखेत या, एवढेच सांगतो.

आणखी एक बोलणे आवश्यक आहे. २००८ च्या ऑक्टोबरात रेल्वे भरतीच्या परीक्षेसाठी मुंबईत आलेल्या उत्तर भारतीय मुलांना मारहाण झाली. त्या दिवसांत आपल्यातही दोन मते होती. मराठी मुलांना जाहिरात वेळेवर आणि आपल्या भाषेत मिळाली पाहिजे, ही मागणी रास्त होती आणि आहे. पण बनारसच्या रस्त्यावर वाळूची गोणी खांद्यावर घेतलेला तो मुलगा पाहिला आणि आम्हांला लातूर-नांदेडच्या बसस्थानकाबाहेर पहाटे पळणारी आमची पोरे आठवली. गोणीचे वजन तेच, घड्याळ तेच, भीती तीच. एक कोटी हातांना एक लाख जागा दाखवणाऱ्यांना सोडून रांगेतल्या पुढच्या मुलाची गचांडी धरण्यात कामगार चळवळीचे कधीच हित नव्हते.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे :

१) भरतीची शारीरिक चाचणी कामाशी जुळणारी असावी. ओझे, चाल, वाकणे, उठणे पाहावे. एका दमातल्या धावेवर कोणाची भाकरी ठरू नये आणि अपयश आल्यास दुसरी संधी असावी.

२) चाचणी कोणतीही असो, ती उन्हाळ्यात भर उन्हात नको. आधी नाडी व रक्तदाब तपासावा. पाणी, डॉक्टर आणि रुग्णवाहिका मैदानावर हजर असावी. बाहेरगावच्या उमेदवाराला रात्री टेकावयास जागा मिळावी.

३) अर्ज आणि चाचणी यांमधील काळाला मर्यादा असावी.

४) तिशीनंतर चालण्याचे काम करणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची, ग्रामीण डाक सेवक आणि ठेका कामगार यांच्यासह, वर्षातून एकदा चाल आणि नाडी यांची तपासणी व्हावी; ती कामाच्या वेळेत आणि पगारी असावी.

५) या तपासणीची नोंद कामगाराच्या हाती राहावी. तिचा उपयोग उपचारासाठी आणि बीट कमी करण्यासाठी व्हावा. कोणाला घरी पाठवण्यासाठी कदापि नाही.

पाचव्या मुद्द्यावाचून चौथा नको, हेही आम्ही आताच स्पष्ट करतो.

निघण्याच्या दिवशी आम्ही मणिकर्णिकेवर गेलो. काशीची पंचक्रोशी तेथून सुरू होते आणि तेथेच संपते : कर्दमेश्वर, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर, कपिलधारा असे पाच मुक्काम आणि सुमारे ८० किलोमीटरची चाल. आपल्याकडच्या वारीत चालतात तशाच सत्तरीच्या म्हाताऱ्या तेथे अनवाणी चालताना दिसतात. त्यांची कोणी वेळ मोजीत नाही. त्या थकल्या की बसतात, कोणीतरी पाणी देते, पुन्हा उठतात. आमचे चाचा तेथे पायरीवर बसून गुडघे चोळीत म्हणाले, “थकल्यावर बसता आलं असतं, तर मीही अजून चाललो असतो.”

त्या डाक सेवकाच्या मुलाला आम्ही शुभेच्छा दिल्या आहेत. तो निवडला जाईल, कदाचित आपल्याच एखाद्या विभागात, आपल्याच एखाद्या गँगमध्ये येईल. तो येईल तेव्हा त्याचे पाय चांगले असतील. ते निवृत्तीपर्यंत चांगले राहावेत, हे पाहण्याचे काम प्रशासनाकडून करवून घेणे ही आपली जबाबदारी आहे. या महिन्याच्या शाखा-सभेत हा विषय घ्या, ठराव करा आणि फेडरेशनकडे पाठवा.